कोरड्या बोअरमधला आवाज

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहिते.

धारूरजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच जणी गावची परसबाग सांभाळतो. थंडीत काम कमी असतं. म्हणून आज सकाळी आमच्यातल्या गयाकाकू बाकीच्यांना शिकवत होत्या, की पालापाचोळा अंथरून वाफ्यातली ओल कशी टिकवायची.

बागेतला बोअर दिवाळीतच आटला. त्याच्या तोंडावर दगड ठेवलाय. त्या दगडाच्या फटीपाशी पडलेली पानं वारा नसताना हलायला लागली. दगड सरकवला, तर आतून कोमट हवा येत होती. खाली कुणी श्वास सोडतंय असंच वाटलं.

गयाकाकूंनी कान लावला. "अगं, खाली कायतरी घुमायलंय!"

मीही ऐकलं. खोल, एकसुरी घूंऽऽ.

"भूत न्हाई," काकू हळूच म्हणाल्या. "मोटार हाय. कुणीतरी पाणी वढायलंय."

शेतातल्या मोटारी बंद आणि उरलेलं पाणी फक्त पिण्याला, अशी पाणी सोसायटीत सगळ्या गावानं शपथ घेतलीय.

घरी आले, तर आमचे मालक नुकतेच शेतातून आलेले. पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलात.

"काहून बघतीस अशी?"

"संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत तुमी सांगता, का मी सांगू?"

ते खाली बसले. पायाचा चिखल खरवडत म्हणाले, "समदेच वढायलेत."

बैठकीला तासभर उरलाय. मी जाणार आहे आणि बोलणार आहे. पण मघापासून एकच विचार येतोय. बागेतल्या बाकीच्या चौघींनीही आज घरी जाऊन हेच पाहिलं असेल का?