पुसलेली तीट

नवा डॉक्टर आला की आमचे डॉक्टर आधी हात पुढे करायचे. ओळख करून घ्यायला नव्हे. "नळी काढ," म्हणायचे. तो छाती तपासायची गळ्यातली नळी काढून द्यायचा आणि डॉक्टर ती माझ्या हातात ठेवायचे. "मावशी, पंधरा दिवस ठेवा. मागितली तरी द्यायची नाही."

महाडला त्यांच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी आया होते. शाळा चौथीपर्यंत. पण मोठ्या शिक्षणाच्या माणसांच्या नळ्या माझ्या डब्याच्या पिशवीत असायच्या. एखादीला अजून लोणच्याचा वास येत असेल.

हे नवे डॉक्टर पुढे मुंबईला लहान मुलांच्या हृदयाचं शिकायला जायचे. त्याआधी काही महिने आमच्याकडे. जाताना डॉक्टर चिठ्ठी देत, तिला तिकडे वजन होतं. शिकवायचे काय, तर बाकावर बसून बाळं बघायला. कसं पितं, किती वेळा थांबतं, कपाळाला घाम येतो का. "हृदय दमलेलं बाळ पितानाच घामाघूम होतं," म्हणायचे. "ते बोलत नाही. त्याची तीट बघा." घामानं काजळ ओघळतं, एवढंच. तुम्हीही बघितलं असेल, लक्ष दिलं नसेल. मीही दिलं नव्हतं.

एकदा अशीच शिकायला एक डॉक्टर पोरगी आली. हुशार होती आणि ते तिला ठाऊक होतं. हृदय बघायचं मशीन कुठे आहे, विचारू लागली. डॉक्टर म्हणाले, "मशीन तिकडे शिकवतील. इथे बाळ शीक." तिनं माझ्याकडे गुपचूप नळी मागितली. मी दिली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं काही अडलं नाही.

त्याच आठवड्यात वर डोंगरातल्या कुडपणहून एक बाई दोन महिन्यांची मुलगी घेऊन आली. खोकला म्हणाली. बाहेर पाजत बसली होती. "पितंय, पन लय दमतंय गो मावशे," मला म्हणाली. मुलीची तीट भुवईवरून नाकापर्यंत उतरली होती. मला मळकं तोंड बघवत नाही. ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केलं आणि आत पाठवलं. डॉक्टर दुसऱ्या बाळात गुंतले होते. पोरीनं चकचकीत बाळ बघितलं, खोकल्याचं औषध लिहिलं. बाई स्टँडकडे गेली.

डॉक्टर हात धुवायला मोरीवर आले. तिथे माझं फडकं, काळं झालेलं. "हे कोणाचं?"

मी सांगितलं. बाई काय म्हणाली तेही सांगितलं.

ते ओरडले नाहीत. पोरीला म्हणाले, "पोलादपूरची गाडी सुटायच्या आत तिला आण." ती बाई एकदा वर कुडपणला गेली की पुन्हा कधी खाली उतरेल, सांगता येत नव्हतं.

पोरगी धावली. एक चप्पल दारातच राहिली. ती तिथून उचलायला मला सुचलं नाही.

परत आली ती बाईला घेऊन, तिची पिशवी काखेत मारून. गाडीला आडवी उभी राहिली होती म्हणे. कंडक्टरनं तिची सगळी डॉक्टरकी काढली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, लावा परत तीट." मी लावली. मुलगी पिऊ लागली. आम्ही तिघं एका काळ्या ठिपक्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं तो हलला.

"मावशी, नळी द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

पोरीनं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "सर, हृदयात जादा आवाज आहे. चूक माझी आहे."

"तू बघितलं नाहीस, मावशींनी पुसलं. उद्यापासून दोघी बाकावर."

साठीच्या वयात मी पंधरा दिवस बाकावर बसले. पोरीला शेवटी चिठ्ठी मिळाली. मला कसली मिळणार?

त्या तान्ह्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. मुंबईला ऑपरेशन झालं. आता ती कुडपणचा चढ आईच्या पुढे चढते.

डॉक्टर गेल्या वर्षी वारले. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पोरगी आता मुंबईत हृदयाची डॉक्टर. भेटायला आली तेव्हा म्हणाली, मीही नव्यांच्या नळ्या काढून घेते. ठेवायला मावशी नाही, कपाटात ठेवते.

घरी नातसुनेचं बाळ आहे. दूध पिऊन झालं की ती म्हणते, "तोंड पुसा ना त्याचं."

मी आधी तीट बघते. जागेवर असली की मग पुसते.