काकांचं संघराज्य

साहेबाच्या राज्यातून सुटलेले सगळे देश रक्ताचा थेंबही न सांडता एकत्र आणणं जगात एकाच माणसाला जमलं, आणि ते म्हणजे माझे चुलत सासरे. मनमाड स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन नाशिकला सिडकोत राहायला आल्यावर, घडायला हवा होता तसा इतिहास त्यांनी वह्यांमध्ये लिहायला घेतला. त्यात स्वातंत्र्य मिळताच भारत, पाकिस्तान, लंका, ब्रह्मदेश सगळे एका सतरंजीवर बसतात, चहा होतो आणि संध्याकाळपर्यंत एक संघराज्य तयार होतं. केनियाच्या स्वातंत्र्याला अजून अवकाश होता, तर काकांनी त्याची जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती. वाद झाला तो फक्त राजधानीवरून. काकांनी ती मनमाडला दिली, कारण "गाडी बदलायला सगळ्यांना तिथे उतरावंच लागतं." त्यावर काकू आतून म्हणाल्या, "तिथे नळाला रोज पाणी येतं का, ते आधी बघा." तिसऱ्या दिवशी काकांनी धरणाचं एक प्रकरण वाढवलं. जावयाचा मान म्हणून प्रत्येक प्रकरणाचं पहिलं वाचन माझ्यापुढे होई, आणि दिंडोरीची द्राक्षं समोर ठेवून ती रंगूनला किती ताजी पोचली असती हेही मला ऐकावं लागे.

या संघराज्यात पासपोर्ट नव्हता. त्यामुळे काकांनी स्वतःचाही कधी काढला नाही. मुलगी लग्न होऊन नैरोबीला गेली, काकू तिच्याकडे दोनदा जाऊन आल्या. काका मात्र तत्त्वासाठी घरी थांबले आणि स्वतःच्या हातची खिचडी खात राहिले. "आपल्याच देशात जायला परवानगी कोणाची मागू?" असं ते विचारत. मग मुलीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आत झालेलं ते बाळ काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही याल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या दारात उभे. "जावईबापू, पासपोर्टचा फोटो कुठे काढतात?"

चौकशीला आलेल्या हवालदाराने सहज विचारलं, "इतकी वर्षं का नाही काढला, काका?" काकांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गरज पडली नाही." त्यांच्या तोंडून एवढं छोटं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

काका नैरोबीला पोचले तोवर बाळ घरी आलं होतं. दोन महिन्यांनी काका परतले, तेव्हा मी होऊनच नव्या प्रकरणाची चौकशी केली. त्यांनी वही काढली नाही. तिथल्या विमानतळावर शिक्का मारणारा माणूस पिकल्या केसांचा होता, असं ते सांगू लागले. कोरा पासपोर्ट पाहून त्याने कशाला आलात म्हणून विचारलं. नात बघायला, असं काकांनी सांगितल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढून स्वतःची नात दाखवली. मागची रांग कुरकुरत होती, तरी दोघं फोटो बघत राहिले.

"इतकी वर्षं या लोकांना मी एकत्र बसवत होतो," काका म्हणाले, "पण त्यांच्यातलं कोणी कधी भेटलं नव्हतं हो." मग त्यांनी पासपोर्ट उघडून त्यातल्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "त्याचं नाव विचारायचं राहून गेलं."