बावीस मिनिटांचा सत्कार

आमच्या पंचायतीतला कॉम्प्युटर उघडायले बावीस मिनिटं लागत. भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगून राहिलो, मनचं नाई. मी केवळराम, तिथला चपराशी. सकाळी दहाले कुलूप काढलं की पयले त्या मशीनचं बटण दाबायचो. मग झाडू मारायचो, मडकं भरायचो, टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचो. तरी ती आपली घुंईघुंई करतच राहे.

काऊन लागत होते एवढे मिनिटं, ते ऐका. तुम्ही हसाल. मीही हासत होतो तेव्हा.

आमच्या इकडं सत्काराबिगर कोणतं काम सुरू होत नाई. नळाची तोटी बसवायची असली तरी आधी हार, नारळ, शाल, मग दोन शब्द, अन् मग तोटी. सरपंच होत्या चमेलीबाई, पण कारभार सारा त्यांच्या घरधन्याचा, ओमेश्वरभाऊचा. त्यानं गोंदियाच्या एका फोटोवाल्याकडून पिक्चर बनवून आणला. ढगातून ओमेश्वरभाऊ हात जोडून निघतात, मागं ढोल वाजते, वरून फुलं पडतात, अन् कोपऱ्यात चमेलीबाई, पासपोर्ट फोटोएवढ्या. फोटोवाल्यानं ते असं बसवून दिलं की मशीन उघडली की आधी हेच चालू होईल, बाकीचं मागून.

झालं! उपसरपंच म्हणे, माझा काऊन नाई? त्याचाही बसला. मग मेंबरं, एकामागं एक. ग्रामसेवकानं आपलं पंचांग घुसवलं. जुन्या सरपंचाच्या दिवाळीच्या शुभेच्छा होत्याच आधीच्या, त्या काढायची कोणाची छाती नाई, कारण त्याच्यामागं अजून अर्धा मोहल्ला होता. वरून फुकटातल्या व्हायरसच्या दवाया तीन. मशीन बिचारी साऱ्याहिचा सत्कार करे अन् मग कामाले लागे.

नीला आली २०१२ साली, कॉम्प्युटर परिचालक म्हणून. देवाजीची पोरगी, फुलचूरच्या क्लासमधून कॉम्प्युटर शिकलेली. सायकलवर यायची, कॅरिअरले डबा बांधून. तोंडाची लय फटकळ. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फॉर्म भरून देई, पण भरता भरता झापे. एकदा एका आजीले जन्मतारीख विचारली, तर आजी म्हणे, "मोठा पूर आला त्या साली." नीला म्हणे, "आजी, पुराचं सर्टिफिकेट आणलं का सोबत?" सारा वऱ्हांडा हासला, आजीही हासली.

पण पोरगी सोन्यासारखी होती, हे मी आता म्हणून राहिलो. देवाजीचा दमा असा की दोन पावलं चालला की बसे. घर तिच्यावर. त्या खुर्चीसाठी तिनं एक चांगली सोयरीक परत केली. पोरगा बालाघाटचा होता, म्हणे नोकरी सोड. ही म्हणाली, मग तुम्हीच माझी आशा सोडा. अशी पोरगी. खुर्ची गेली तर तिच्यापाशी दुसरं काईच नव्हतं, हे साऱ्या गावाले माहीत होतं.

जून महिन्यात सुशिलाबाई आली. तिच्या पोरीचा नर्सिंगले नंबर लागला होता. रहिवासी दाखला पाहिजे, अन् शेवटची तारीख तीच. सव्वादहाची काळीपिवळी जीप तिरोड्याले जाते, ती गेली की मग एकदम दुपारची, तोवर तिथलं काम बंद. सुशिलाबाई दाराशी उभी, पोरगी गाडीवाल्याले थांबवून उभी, अन् इकडं स्क्रीनवर ओमेश्वरभाऊ ढगातून निघून राहिले. मग उपसरपंच. मग मेंबरं. नीला नखं खात बसली. काळीपिवळीवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला अन् गेला.

पोरीची जागा गेली. सुशिलाबाई खाली बसली अन् पदरानं तोंड पुसलं. नीलाचा चेहरा मले पाहवला नाई.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक तालुक्याले गेले होते. नीलानं फुलचूरच्या तिच्या सरले फोन लावला. सर सांगत गेले, ही करत गेली. मशीन उघडताना आपोआप काय काय उघडते, त्याची एक यादी निघाली स्क्रीनवर, दर नावासमोर चौकोनात बरोबरची खूण. सर म्हणाले, खूण काढली की ते आपोआप उघडत नाई, पण फाइल जागच्या जागी राहते. पाहिजे तेव्हा हातानं उघडा.

नीलाचा हात थांबला. माझ्याकडं वळून म्हणे, "मामा, काढू का जी?"

मी म्हणलो, "काढ न बाई. कोन पाहून राह्यलं?"

हे मी म्हणलो. माझ्याच तोंडानं.

तिनं खुणा काढल्या. व्हायरसची दवाई एक ठेवली, दोन काढल्या. मशीन बंद करून परत सुरू केली. दीड मिनिट! माझा झाडू अजून हातातच होता. पोट्टीनं टाळ्या वाजवल्या, अन् मले हासू आवरेना.

आठ दिवस गाव खुश. लोकं यायचे, दाखला घ्यायचे, जायचे. नवव्या दिवशी ओमेश्वरभाऊ पाहुणे घेऊन आला. मध्य प्रदेशातल्या लांजीकडले होते, त्याच्या पोराच्या सोयरिकीसाठी आलेले. घरी जेवणं झाली अन् यानं त्याहिले ऑफिस दाखवाले आणलं. शर्ट इस्त्रीचा, कपाळाले टिळा. नीलाले मशीन बंद करून परत सुरू कराले लावली. "बसा जी," म्हणे, "मशीन सुरू होऊन राह्यली, पाहा आता." स्वतः स्क्रीनच्या बाजूले उभा राहिला, जसा सत्काराले उभा राहते.

मशीन उघडली. हिरवं मैदान अन् निळं आभाळ, बस. ढग होता एक, पण त्यात कोणी नाई. पाहुण्यातला म्हातारा म्हणे, "हो गया क्या, समधीजी?"

ओमेश्वरभाऊचं तोंड काळं पडलं. नीलानं फाइल शोधून हातानं सुरू केली, ढोल वाजला, सारं दिसलं. पण आता का उपयोग? पाहुणे उठले होते. सोयरीक पुढं त्याच कारणानं मोडली का अजून कशानं, देव जाणे. खापर मात्र नीलावर फुटलं.

सोमवारी मासिक सभा. ग्रामसेवकानं ठराव वाचला. परिचालकानं परवानगीबिगर कॉम्प्युटरमधली शासकीय माहिती नष्ट केली, सबब कामावरून कमी करण्यात येते.

नीला उभी राहिली. "नष्ट काई नाई केलं जी. सारं तसंच आहे, आत्ता दाखवू का?"

"तुले दाखव म्हनलं का कोनी?" ओमेश्वरभाऊ ओरडला. तो मेंबरही नाई, अन् ओरडणारा तोच. चमेलीबाई हळूच म्हणाल्या, "फाइल तर आहे म्हंते न ती..." त्यानं फक्त मान वळवली. बाईनं पेन उचलला अन् सही केली.

मग तो माझ्याकडं वळला. "केवळराम, चाबी तुझ्यापाशी राह्यते. तू होता का तवा? तिले कोन म्हनलं काढ म्हनून?"

रिटायर व्हायले माझे दोन वर्षं उरले होते. एवढंच आलं डोक्यात, मायची आन. दोन वर्षं. नीलानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, अन् मी काई बोलायच्या आत तीच बोलली, "मामा पानी भराले गेले होते. त्याहिले काई मालूम नाई."

"खरं का रे?"

"हव," मी म्हणलो.

महिनाभरात ओमेश्वरभाऊचा भाचा बसला त्या खुर्चीवर. त्यानं साऱ्या खुणा परत लावल्या, वरून आपल्या मामाच्या वाढदिवसाचा नवीन पिक्चर टाकला. आता पंचवीस मिनिटं लागतात. ठरावात 'माहिती नष्ट केली' लिहिलं, म्हणून नीलाले दुसऱ्या पंचायतीनं दारात उभं नाई केलं. गोंदियाले एका दुकानात साड्याच्या घड्या घालते. देवाजी गेल्या हिवाळ्यात गेला. मी मात्र दोन वर्षं पूर्ण केले, शाल-नारळ घेतलं, फोटो काढला.

ओमेश्वरभाऊले मी शिव्या देतो, साऱ्या टपरीवर देतो. थुत् त्याच्या कारभारावर. पण शिव्या देऊन घरी आलो की भाकर गोड लागत नाई, कारण त्या सभेत अजून एक गोष्ट झाली. ठरावाले साक्षीदार पाहिजे होता. ग्रामसेवकानं कागद माझ्यापुढं सरकवला. माझा चष्मा घरी, मले रेघ दिसेना. कोणी उठलं नाई. नीला उठली, बाजूले आली, कागदावर बोट ठेवलं अन् म्हणाली, "इथं करा, मामा."

मी केली.