उलटं चालणारं घड्याळ

बंद पडलेली वस्तू घरात दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती चालू करूनच मी उठते. मिक्सर, शाळेतले पंखे, शेजारणीचं शिलाई मशीन. लोहाऱ्यात मास्तरीणबाई म्हणून मी जितकी माहीत आहे, तितकीच या उपद्व्यापांसाठीही. त्यामुळं पुण्याहून जुनी डिझेल जीप आणली, तेव्हा स्टिअरिंगशेजारी चिकटवलेलं बंद घड्याळ मला बघवेना. काडेपेटीएवढी काळी डबी, पुढं काच, खाली तीन बटणं. आधीचा मालक हौशी होता. त्यानं गाडीला काय काय लावलं होतं, ते विकताना त्यालाही आठवलं नसावं.

एका शनिवारी संध्याकाळी मी ती बटणं दाबत बसले. त्यातलं एक जरा वेळ दाबून धरल्यावर लाल आकडे उजळले, १:००. पुढं काही केल्या ते सरकेनात. घड्याळ एकवर अडकलंय असं ठरवून मी घरात गेले आणि भाकरी थापायला घेतल्या.

जीप घेतली होती आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी एसटी चालवली. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात, कारण मी एकुलती एक. माकणीकडं आमचं थोडं रान आहे आणि तिथं रोज एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. पण सीटमागं पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून बसणं त्यांना नको वाटायचं. दुसरा कुणी चालवत असला की यांचा पाय ब्रेक शोधायचा. आपली जीप आल्यावर चार दिवसांत माणूस बदलला. सकाळी दाढी, धुतलेला शर्ट, काच पुसायला वेगळं फडकं. स्टिअरिंग सुटलं की माणूस नुसता खाटेवरचा म्हातारा होतो, असं ते स्वतःच म्हणायचे. म्हणून ते सुटू नये एवढीच माझी धडपड होती.

आमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. रविवारी तिथं डब्यांची रांग लागते. बायका ज्वारीचा डबा नंबरला लावून घरी जातात आणि पाळी आली की येतात. दुसऱ्याचा डबा कुणी मागं सरकवत नाही. त्या रविवारीही रस्त्याच्या कडेला सात-आठ डबे उभे होते आणि गिरणीच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आप्पा गाडी बंद न करताच रानात चक्कर मारून आले आणि नेहमीच्या जागी जीप उभी केली. आमच्या भागात हँडब्रेकवर कुणाचा भरवसा नाही. चावी काढायची, गाडी सरकू नये म्हणून पहिला गिअर टाकायचा, क्लच सोडायचा आणि उतरून चाकाला दगड लावायचा. आप्पांनी एका दमात तेच केलं.

जीपनं उडी मारली. डब्यांवरून गेली आणि धक्का खाऊन बंद पडली.

रांगेत डबेच होते म्हणून बरं. पहिल्या नंबरची बाई नुकतीच डबा उचलून आत गेली होती. मी दारात उभी होते आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी भीती नेहमी तोंडावाटेच बाहेर पडते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आप्पा, गाडी बंद करायचंबी भान राहिलं न्हाय का तुम्हाला? आता पुरं करा हे."

हे मी सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. गिरणीवाला हळूच म्हणाला, "वय झालं आता त्यांचं." आप्पा खाली उतरले. तळहातावरच्या चावीकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. चौघांनी जीप ढकलून जागेवर लावली. सांडलेली ज्वारी मी झाडून काढली आणि घरातलं पोतं फोडून ज्याची त्याची भरपाई केली.

दुसऱ्या दिवसापासून ते वडापनं जायला लागले. दाढी दोन-दोन दिवसांनी व्हायला लागली. मला वाईट वाटत होतं, पण माझा निर्णय योग्यच आहे याबद्दल मनात तिळभर शंका नव्हती. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आठवडाभर जीप जागची हलली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कामानिमित्त मी ती उमरग्याला नेली आणि तिथं गाडी बंद न करताच काम उरकलं. परत येऊन दारात थांबले, गिअर काढला, चावी फिरवून हातात घेतली. इंजिन चालूच. गिरणी अजून सुरू व्हायची होती, म्हणून तर ऐकू आलं. माझं लक्ष डबीकडं गेलं. लाल आकडे सरकत होते, पण मागं मागं. एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. शून्यावर येताच इंजिन आपोआप बंद झालं. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा चावी काढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग मी तडक मेस्त्रीचं गॅरेज गाठलं.

मेस्त्रीनं डॅशबोर्डखाली मान घालून बॅटरी मारली. "बाई, हे घड्याळ न्हाय, टर्बो टायमर हाय. लांबून पळून आल्यावर टर्बो, म्हंजी इंजनात हवा कोंबणारा पंखा, लई तापलेला असतोय. इंजन एकदम बंद केलं की आतल्या ऑइलचं फिरणं थांबतंय अन् ते तिथंच जळतंय. म्हणून चावी काढली तरी हे मिनिटभर इंजन चालू ठिवतंय." मग त्यानं एक लोंबती वायर बाहेर ओढून दाखवली. "ही हँडब्रेकची. बसवणाऱ्यानं जोडलीच न्हाय. जोडली असती तर हँडब्रेक वढल्याबिगर इंजन चालू राहिलंच नसतं. तोडून टाकू का सगळं?"

मी म्हटलं, तोडायचं नाही, वायर जोडा. वस्तूचा दोष नव्हता. लांबून आलं तर हँडब्रेक ओढून मिनिटभर चालू ठेवायचं आणि गल्लीतल्या गल्लीत तो न ओढता बंद, एवढं मला जमणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं होतं. चोर मी होते. त्या शनिवारी बटण दाबून ती डबी मीच चालू केली होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

घरी आले तोवर गिरणीपुढं रांग लागली होती. मी गिरणीवाल्याला पट्टा थांबवायला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या दिवशी आप्पांनी चावी काढली होती, तरी इंजिन चालूच राहिलं होतं, चूक त्यांची नव्हती, माझी होती. वर्गात शिकवावं तसं डबीचं कामही समजावलं. गिरणीवाल्यानं मान खाली घातली.

दुपारी आप्पा आले. त्यांना मी जीपमध्ये बसवलं, हँडब्रेक ओढायला सांगितला आणि मग गाडी चालू करून चावी काढायला लावली. चावी हातात आणि इंजिन चालू. आकडे शून्यावर येईपर्यंत ते हलले नाहीत. मी माफी मागितली.

"त्या दिशीबी क्लच सोडताच पायाला कळलं व्हतं," ते म्हणाले. "चावी हातात अन् पायाखाली इंजन चालू. वाटलं, डोकं गेलं आपलं. थोरल्या भावाचं विसरणं असंच सुरू झालं व्हतं. आठ दिस रोज पहाटं उठून एसटीचे थांबे तोंडानं म्हणून बघायलो. उमरगा, येणेगूर, जळकोट, नळदुर्ग. एकबी चुकला न्हाय. तरी भरवसा येईना."

"मग मला का न्हाय सांगितलं, आप्पा?"

"काय सांगू, माय? भान न्हाय म्हणून तूच म्हणलीस. अन् तुझं कधी चुकत न्हाय."