आमच्या वर्गात ‘सिली मिस्टेक’ला बंदी आहे

परवा अकोल्यात मैत्रिणींमध्ये बसले होते. एकीनं विचारलं, “अमरावतीला रोज जाऊन तू नेमकं शिकवतेस तरी काय?”

“चुका!” मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. मग एक किस्सा सांगितला, त्यातून दुसरा निघाला आणि चहा तीनदा गरम करावा लागला. पोरांना शिकवणाऱ्या माणसाचं असंच होतं. पोर्शन एकवेळ संपेल, किस्से संपत नाहीत.

मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये गणित आणि बुद्धिमत्ता शिकवते. पोलीस भरतीची, तलाठी भरतीची पोरं. पेपर झाला की प्रत्येकाचं एकच वाक्य: “मॅडम, येत होतं. सिली मिस्टेक झाली.” या वाक्याचा मला इतका राग आला की शनिवारचा एक तास मी त्यासाठीच ठेवला. ज्याचं चुकलं त्यानं फळ्यासमोर यायचं. बरोबर उत्तर सांगायचंच नाही. चुकीचं उत्तर आपल्याला बरोबर कशामुळे वाटलं, तेवढंच पायरीपायरीनं सांगायचं. आणि ‘सिली’ हा शब्द बंद!

* * *

पहिल्या शनिवारी पातूरचा गणेश उभा राहिला. राहतो अमरावतीतच, रूम करून.

“बोल. हे उत्तर लिहिताना डोक्यात काय होतं?”

“काहीच नोतं मॅडम.”

“मग अठ्ठेचाळीस आलं कुठून?”

“ऑप्शनमधून!”

वर्ग हसत सुटला. मी हसले नाही. म्हटलं, “चार ऑप्शन होते. हाच का?”

गणेशनं बराच विचार केला. “मॅडम, बाकीचे तीन लय सोपे दिसून राहिले होते. इतकं सोपं सरकार कायले देईन?”

त्या दिवशी मला कळलं, हा तास बंद करून चालणार नाही.

* * *

दोन आठवड्यांनी गणेशचे वडील थेट पातूरहून आले. मोठ्या सरांच्या केबिनमध्ये मलाही बोलावलं. मोठे सर म्हणजे क्लासचे मालक. फळ्यावर एका तासात वीस गणितं उडवणारा माणूस.

“मॅडम, तुमी पोट्ट्याले काय शिकवून राहिले?” वडील तापलेलेच होते. “पोरीले पाहाले पाहुणे आले होते. ते गेल्यावर मी म्हटलं, नवरा पोरगा संस्कारी हाय, दोन तासांत मोबाईल खिशातून काढला नाही. तं हा शहाणा म्हणते, ‘बाबा, कशावरून संस्कारी? मोबाईल डिस्चार्ज असन!’”

मी ओठ दाबून धरले.

“अन् सोयरीक जमवणारा मामा तिथंच बसून होता! त्यानं फोन लावून पाह्यला.”

“मग?” न राहवून मी विचारलं.

“बंदच होता ना!”

ते निघून गेल्यावर मोठे सर थंडपणे म्हणाले, “मॅडम, पालक दुखावले की क्लास बसतो. सांभाळून.”

* * *

अचलपूरची प्राची रोज एसटीनं येते. पहिले दोन महिने तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एका शनिवारी तिनं आपणहून हात वर केला.

“मॅडम, माझं उत्तर बरोबर आलं. पण रीत चूक हाय. सांगू का?”

मागून गणेश ओरडला, “अवं बाई, मार्क भेटले ना? मंग बस न खाली! कावून मॅडमले जागं करून राहिली?”

प्राची वळली आणि तितक्याच हळू आवाजात म्हणाली, “भरतीच्या दिवशी आकडे बदलतीन नं भाऊ.”

गणेश पुढचा तासभर गप्प होता. हा क्लासचा विक्रम आहे!

* * *

आणि बडनेऱ्याचा संघपाल. त्याचे बाबा रेल्वेत, आई शाळेत शिक्षिका. मागच्या वर्षीची लेखी थोडक्यात हुकली, म्हणून हा दुसऱ्यांदा बसलेला.

मोठे सर एकदा पोरांना जोश द्यायला वर्गात आले. टेबलावर हात आपटून म्हणाले, “मागच्या वर्षी पास झालेला प्रत्येक जण सकाळी पाचला उठत होता! प्रत्येक जण!”

टाळ्या पडल्या. संघपाल उभा राहिला.

“सर, नापास झालेले बी पाचलाच उठत होते.”

“तुला काय माहीत?”

“मी उठत होतो नं सर.”

मोठ्या सरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. “हे तुमच्या शनिवारचं पीक आहे. पुढच्या टेस्टमध्ये जरा जरी गडबड दिसली, तर तो तास बंद. त्या वेळात सराव घ्यायचा, नाहीतर दुसरा क्लास बघायचा.”

मी वाद घातला असता. पण मला तो तास हवा होता. ‘बरं सर’ म्हणून वर्गात परतले.

* * *

टेस्ट झाली आणि गडबड दिसली.

गणित साधं होतं. दोनशे मीटरची गाडी, तीनशे मीटरचा प्लॅटफॉर्म, सेकंदाला वीस मीटर वेग. ओलांडायला वेळ किती? लांब्यांची बेरीज करायची. उत्तर पंचवीस सेकंद. वर्गात फक्त दोघांनी ‘पाच’ लिहिलं होतं. प्राचीनं आणि तिच्या मागच्याच बाकावरच्या संघपालनं.

“इतकं विचित्र उत्तर दोघांचं सारखं? कॉपी!” मोठे सर म्हणाले. कॉपी करणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी काढतात. “तुम्हीच यांना एकमेकांच्या चुका चघळायची सवय लावली. आता मध्ये एक शब्द बोलायचा नाही.”

आधी प्राचीला केबिनमध्ये घेतलं.

“सर, मले गाडी पूर्ण आत आलेली दिसली. शेवटचा डबा प्लॅटफॉर्मवर आला तिथून मी वेळ धरला. इंजिन दुसऱ्या टोकाले पोचलं तिथं थांबवला. मधात शंभरच मीटर उरते.”

मग संघपालला.

“एका दिशेनं जाणाऱ्या दोन गाड्यांचा वेग वजा करतात, सर. मी तोच नियम इथं लावला, लांबी वजा केली.”

“बडनेऱ्याचा ना तू? प्लॅटफॉर्म पाहिला नाहीस कधी?”

“रोज पाह्यतो. पण पेपरात प्लॅटफॉर्म दिसत नाही सर, नियमच दिसते.”

मोठ्या सरांनी प्राचीलाही परत आत बोलावलं. बराच वेळ दोन्ही पेपर शेजारी ठेवून पाहिले. मग पेनाला टोपण लावलं.

“दोघं वेगवेगळ्या रस्त्यानं एकाच खड्ड्यात पडले! म्हणजे कॉपी नाही. जा. आणि मॅडम, तुमचा शनिवार चालू ठेवा.”

मी श्वास सोडला. प्राची दारापर्यंत पोचलीसुद्धा. संघपाल जागचा हलला नाही.

“सर, एक चूक होऊन राहिली.”

“आता काय?”

“कारणं वेगळी सांगितली म्हणून कॉपी नाही, असं ठरत नाही. तुमचा निरोप आल्यावर आमी दोघं जिन्यात सोबतच बसून होतो. ठरवून घेता आलं असतं.”

प्राचीनं दारातूनच कपाळाला हात लावला. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“मग मी काय समजू?” ते ओरडले.

“तेच तं, सर. आत्ताच काही समजू नका. नवीन गणित द्या. कोण कोणत्या रस्त्यानं जाते, ते कागदावर दिसन.”

मग मोठ्या सरांनी ड्रॉवरमधून दोन कोरे कागद काढले.

“प्राची,” ते म्हणाले, “तू बाजूच्या खोलीत बस.”