पायांसकट फोटो

"अरे, पाय! पायांसकट घे, नाहीतर सगळं फुकट!"

कोंडेश्वरच्या धबधब्याच्या कडेला, शेवाळलेल्या काळ्या खडकावर उभा राहून माझा मावसभाऊ बोंबलत होता. आवाज असा, की अंबरनाथच्या कारखान्यांत भोंगा झाला समजून एक पाळी लवकर सुटली म्हणतात.

भानगड लग्नाची होती. कुळगावची एक मुलगी त्यानं विठ्ठलवाडीला कुणाच्या तरी लग्नात पाहिली आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. म्हणजे जेवायचा तेवढंच, पण भाजीला नावं ठेवत नव्हता. स्थळ सांगून पाठवलं. तिकडून निरोप आला की उभा, पूर्ण फोटो हवा, पायाखाली काय आहे तेही दिसलं पाहिजे. त्यांना एकदा चुना लागला होता. फोटोतला कमरेपर्यंतचा ताडमाड नवरदेव घरी आला, तेव्हा त्याची हनुवटी चहाच्या ट्रेला लागली. स्टुडिओवाल्यानं त्याला स्टुलावर चढवलं होतं.

भाऊ उंचीला बेताचा. आधीच दोन ठिकाणांहून नकार. त्यानं तोड काढली : स्टूल म्हणजे फसवणूक, पण खडक तर देवानंच ठेवलेला. त्यावर उभा राहिलो तर लबाडी कुठली?

कॅमेरा उल्हासनगरच्या आमच्या शेजारच्या सिंधी चाचांचा. त्यांच्या नातीच्या वाढदिवसानंतर रोलमध्ये एकच फोटो उरला होता. देताना ते शांतपणे म्हणाले, "साईं, कैमरा गिरे तो तू भी साथ में गिरना."

तर एकच फोटो, आणि पाय काही चौकटीत मावेनात. मी मागे सरकलो. आणखी सरकलो. माझ्या मागे खाली कुंड. भावाची थोरली बहीण, आमची ताई, पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली आणि तिनं माझा कमरेचा पट्टा मागून धरला. भावाला म्हणाली, "खाली ये. तुझी अक्कल तुझ्यापेक्षा बुटकी आहे, ती इथूनसुद्धा दिसते."

त्यानं उत्तरादाखल छाती फुगवली. नवे पांढरे कॅनव्हासचे बूट, खाली शेवाळ. छाती वर गेली आणि पाय तिच्याही वर गेले. बसल्या बसल्या तो कडेकडे घसरत निघाला आणि अगदी टोकाला करवंदीच्या जाळीत अडकला. एक बूट निसटून पाण्याबरोबर खाली गेला. आम्ही तिघं बघत राहिलो. बूट वर आला नाही.

मग ताईनं डबा टाकला, मी पालथा पडलो, पट्टा काढून पुढे फेकला. दोघांनी मिळून त्याला ओढलं. तो पट्टा त्या दिवशी इतका ताणला गेला, की पुढे मी पोट सुटल्यावरही तोच वापरला. बदलापूर स्टेशनपर्यंत भाऊ एका बुटानं चालत आला. बोलला एवढंच, की आता ती गेली हातची.

घसरण्याच्या क्षणी माझं बोट आपोआप दाबलं गेलं होतं. रोल धुऊन आला. फोटोत दोन बूट, तळव्यांवरचा नंबर वाचता येईल इतके स्वच्छ. पायाखाली आकाश. तोंड गुडघ्यांआड.

भाऊ म्हणाला, फाडून टाक. ताई म्हणाली, त्यांनी पाय मागितले होते, पाय आहेत. मला बरोबर घेऊन ती तोच फोटो कुळगावला घेऊन गेली.

मुलीच्या वडिलांनी तो उभा धरला, आडवा धरला. मी मध्येच तोंड घातलं, खडकामागे वाघ होता म्हणालो, निदान एक. वडिलांनी फोटो मुलीकडे दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला, मग ताईकडे परत दिला.

"त्यांना घेऊन या," ती म्हणाली. "आमच्या जिन्याला कठडा आहे."