साडूभाऊंची धास्ती

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात झाला नाही आणि पुढे होणारही नाही. एसटीत चढले की आधी मागचा संकटकालीन दरवाजा उघडतो का, ते ढकलून बघायचे. टोकावड्याच्या एका लग्नात मांडवाचा बांबू हलतोय म्हणून ऐन मंगलाष्टकांत त्यांनी यजमानांना बाजूला घेतलं. "माणसं तुमी बोलावलीत ना? मग मांडव पडला तर जबाबदार तुमीच!" घरी मिक्सर लावायचा तर माझ्या मेव्हणीने आधी त्यांना हाक मारायची. ते येऊन बटणाजवळ उभे राहत आणि चटणी होईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

नव्वदच्या दशकात ते मुरबाडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कामगार समोर आला की तोंडाआधी त्याचे हात बघायचे. आधीच्या नोकरीत पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली एकाची बोटं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मेव्हणीने सांगितलं म्हणून आम्हाला ठाऊक.

माझा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली प्रेसवर होता. एका दसऱ्याला मीही तिथे पूजेला गेलो. यंत्रं पुसायची म्हणून प्रेसपुढच्या संरक्षक जाळ्या काढून ठेवल्या होत्या. हळदीकुंकू झालं, झेंडूचे भलेमोठे हार चढले आणि शेठ म्हणाले, "चला, मुहूर्ताचा एक नग काढा." आता हारावरून जाळी काही बसेना, आणि पूजेचा हार त्याच दिवशी उतरवायचा नाही, हा तिथला रिवाज. मोटर सुरू झाली. भाऊ तसाच यंत्रापुढे बसला, पाय खालच्या पट्टीवर; ती दाबली की प्रेस खाली येणार.

"शेठ, जाळीशिवाय यंत्र चालवायचं नाय," साडूभाऊ म्हणाले. "ती बसवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची. याच्या हाताला काय झालं तर देव येणार नाय जबाब द्यायला."

"अरे, एकच तर नग! सणासुदीला अपशकुन नको."

मिक्सरला घाबरणाऱ्या त्या माणसाने मग जे केलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पुढे होऊन त्यांनी स्वतःचा उजवा हात प्रेसखाली ठेवला. "पाय उचल रे," ते भावाला म्हणाले. "आणि शेठ, मुहूर्त करायचाच तर माझ्या हातावर करा." ते हात काही काढीनात. भावाने दोन्ही पाय स्टुलावर घेतले. शेवटी शेठनीच पुटपुटत हार उतरवला. जाळी बसली, नग निघाला, पेढेही वाटले. दिवाळीनंतर साडूभाऊंना कामावरून कमी केलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला माझा भाऊ सोनं द्यायला आधी त्यांच्याकडे आसनगावला जायचा. साडूभाऊ त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बघायचे आणि मगच आपट्याची पानं घ्यायचे.

साडूभाऊ गेले, त्या वर्षी तो माझ्याकडे आला. पानं दिली आणि दोन्ही हात तसेच पुढे धरून उभा राहिला. मी ते हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"आहेत रे सगळी," मी म्हणालो.